पहाटे साडेपाचचं कॉलेज

बारावीचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर आणि गंगापूर रोडवर पालकांची वर्दळ सुरू होते. हातात फाईल, फाईलमध्ये गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला. ज्यांची मुलगी खेळते त्यांच्या फाईलला आणखी एक कप्पा असतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या क्रमानं लावलेली प्रमाणपत्रं त्यात असतात. काउंटरवरचा कारकून टक्के विचारतो, शाखा विचारतो, फॉर्म पुढे सरकवतो. तो कप्पा काही उघडला जात नाही. पालकही उघडा म्हणत नाहीत, कारण त्यांच्याही डोक्यात तेव्हा एवढंच असतं: कॉलेज चांगलं कोणतं?

खेळणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला प्रश्न असा, की पहाटे साडेपाचला ती कुठं असेल, कोणाच्या नजरेसमोर असेल, आणि तिथून पहिल्या तासाला वर्गात पोचेल कशी? याचं उत्तर कुठल्याही माहितीपुस्तकात छापलेलं नसतं. ते मैदानावर जाऊन शोधावं लागतं. नाशिक जिल्ह्यातल्या दोन मुलींकडे पाहिलं की ते का, हे कळतं.

पहिली कविता राऊत. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे, तिथली. जन्म १९८५चा. डोंगरातून पाणी आणायचं, शाळेला चालत जायचं, बूट नसताना धावायचं, हे सगळं तिच्याबद्दल इतक्यांदा लिहून झालंय की त्यातली धग निघून गेलीय. त्यापेक्षा २०१०चे आकडे पाहावेत. ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला तिनं ३३ मिनिटं ५.२८ सेकंदांत कांस्यपदक घेतलं. राष्ट्रकुलात ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. नोव्हेंबरमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर ती ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत धावली आणि रौप्यपदक घेऊन आली. सुवर्णपदकाची प्रीजा श्रीधरन तिच्या जेमतेम एका सेकंदानं पुढे होती. दीड महिन्यात सव्वा मिनिटाच्या आसपास वेळ कमी झाली, ती नशिबानं नव्हे. तिच्यामागे वर्षानुवर्षं एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली केलेला सराव होता. विजेंद्रसिंग हे ते प्रशिक्षक, आणि भोसला मिलिटरी स्कूलचं मैदान ही ती जागा.

दुसरी संजीवनी जाधव, चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईची. मुंबई–आग्रा महामार्गावर पिंपळगाव सोडून चांदवडकडे निघालं की हे गाव लागतं. तीही याच मैदानावर, याच प्रशिक्षकांकडे तयार झाली आणि शिकली भोसला मिलिटरी कॉलेजात. २०१७च्या जुलैत भुवनेश्वरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचं कांस्य तिला मिळालं. पुढच्याच महिन्यात तैपेईला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरचं रौप्य. या दुसऱ्या पदकाकडे पालकांनी नीट पाहावं. विद्यापीठ स्पर्धेत उतरायला नुसतं पायांत बळ असून भागत नाही, नावावर कॉलेजचा प्रवेश असावा लागतो. ‘खेळायचंच आहे तर शिकायचं कशाला’ असं म्हणणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

दोघींच्या बाबतीत क्रम पाहा. आधी प्रशिक्षक ठरला, मग मैदान, आणि त्याला धरून बाकीचं शिक्षण. विजेंद्रसिंग भारतीय खेळ प्राधिकरणाचे प्रशिक्षक होते, एखाद्या कॉलेजच्या पगारपत्रकावरचे प्राध्यापक नव्हते. भोसलाची शाळा डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली काढली. तिथं शाळा, कॉलेज आणि मैदान एकाच मोठ्या आवारात असल्यानं सराव संपवून वर्गात जायला बस लागत नाही. ऐकायला फार क्षुल्लक वाटतं हे. पण रोज सकाळी वाचलेला पाऊण तास तीन वर्षांत किती होतो, याचा हिशेब मांडून पाहा.

आता जरा लांबचं उदाहरण घेऊ, कारण दुसऱ्यांकडे पाहिलं की आपली व्यवस्था अधिक स्पष्ट दिसते. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन भरलं होतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं, म्हणून आपल्याकडे पानंच्या पानं छापून आली. त्याच बैठकीत आणखी चार खेळांना होकार मिळाला. त्यांतला एक लॅक्रॉस. लांब दांड्याच्या टोकाला जाळीची झोळी, त्या झोळीत चेंडू झेलायचा, पळत पळत तो त्यातच खेळवायचा आणि गोलात भिरकवायचा, असा हा खेळ. मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी जमातींचा. तिथून तो गोऱ्यांनी उचलला. मुलींच्या लॅक्रॉसची कथा तर एका मुख्याध्यापिकेपासून सुरू होते. लुईसा लम्सडेन या बाईंनी १८८४ साली कॅनडात हा खेळ पाहिला आणि त्या पूर्वी जिथं मुख्याध्यापिका होत्या त्या स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या सेंट लेनर्ड्स शाळेत १८९०मध्ये तो मुलींसाठी सुरू झाला. १९२६मध्ये रोझाबेल सिंक्लेअर यांनी तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका मुलींच्या शाळेत नेला.

अमेरिकेत लॅक्रॉस खेळणारी मुलगी कॉलेज निवडते ती पद्धत आपल्यापेक्षा अगदी उलटी आहे. तिथं प्रशिक्षक कॉलेजचा नोकर असतो, मैदान कॉलेजचं, प्रवासाचा खर्च कॉलेजचा आणि स्पर्धाही कॉलेजाकॉलेजांतली. १९७२च्या एका कायद्यानं शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करायला बंदी घातली आणि मुलींच्या खेळांवर पैसा खर्च करणं कॉलेजांना भाग पडलं. कॉलेजांचे तीन स्तर आहेत. तिसऱ्या स्तरावर खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पहिल्या स्तरावरही महिला लॅक्रॉसला वर्षानुवर्षं एका संघामागे बाराच शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या तीसएक मुलींत वाटल्या जात. म्हणजे ‘अमेरिकेत खेळलं की फुकट शिकता येतं’ हा आपल्याकडचा समज निम्माच खरा आहे. आपली मराठी कुटुंबं तिकडे स्थायिक झाली की मुलींच्या खेळाकडे याच आशेनं पाहतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक काळ असा होता, की तिथले प्रशिक्षक आठवी-नववीतल्या मुलींकडून ‘तुमच्याच कॉलेजात येईन’ असा शब्द घेत. मुलीला आपण पुढे डॉक्टर होणार की चित्रकार हे ठाऊक नाही, पण कॉलेज ठरलेलं! अखेर प्रशिक्षकांच्याच संघटनेनं पुढाकार घेतला आणि २०१७मध्ये नियम झाला, की अकरावीच्या वर्षातल्या एक सप्टेंबरपर्यंत प्रशिक्षकानं मुलीशी प्रवेशाची बोलणी करायची नाहीत.

तरी या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं आपला बंद पडलेला महिला संघ २००२मध्ये पुन्हा उभा केला. प्रशिक्षक केली अमाँटी हिलर यांच्याकडे तयार खेळाडू कुठून असणार? आवारात जॉगिंग करणाऱ्या दोघी जुळ्या बहिणी त्यांना दिसल्या. त्यांनी कधी लॅक्रॉसची काठी हातात धरली नव्हती. बाईंनी त्यांना संघात घेतलं. २००५मध्ये हा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला आणि त्या वर्षापासून ओळीनं पाच वर्षं विजेताच राहिला. मुलगी कुठल्या कॉलेजात आहे यापेक्षा तिच्याकडे कोणाची नजर जाते, हे तिथंही महत्त्वाचं ठरलं. फक्त ती नजर तिथं कॉलेजच्या आतच होती.

आपल्याकडे ती सहसा बाहेर असते. तालमीत, क्लबात, एखाद्या शाळेच्या मैदानावर. मनमाडचं उदाहरण घ्या. रेल्वेचं जंक्शन म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं हे गाव गेली काही वर्षं मुलींच्या वेटलिफ्टिंगसाठी ओळखलं जातं. तिथल्या व्यायामशाळेत घडत असलेली मुलगी नव्वद टक्के मिळाले म्हणून नाशिकच्या नावाजलेल्या कॉलेजात आणून ठेवली, तर तिला उत्तम ग्रंथालय मिळेल आणि प्रशिक्षक जाईल. मनमाडातच राहून तिथल्या कॉलेजात नाव घातलं तर नातेवाईक नाक मुरडतील, पण खेळ चालू राहील. मी दुसऱ्या बाजूला आहे, हे लपवत नाही. याउलट जिला नौकानयन करायचं आहे तिला गोदावरी सोडून चालणार नाही. गंगापूर रोडवरच्या केटीएचएम महाविद्यालयाचा स्वतःचा बोट क्लब आहे, नदी कॉलेजला लागूनच आहे. तिथं कॉलेज आणि खेळ एकत्र येतात. खेळ बदलला की उत्तर बदलतं ते असं.

आता आपली शिडी. नाशिकची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाचे खेळासाठी चार विभाग: पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक. आधी विभागातल्या कॉलेजांची आपसांतली स्पर्धा, तिला सगळे ‘झोनल’ म्हणतात. त्यातून नाशिक विभागाचा संघ निघतो आणि तो ‘इंटरझोनल’ खेळतो. तिथून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, जिला मुलं नुसतं ‘ऑल इंडिया’ म्हणतात. ती भारतीय विश्वविद्यालय संघ घेतो. २०२०पासून यावर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची आणखी एक पायरी चढली आहे. पहिली भुवनेश्वरला झाली.

या शिडीत एक बारकावा आहे. विभागाचा संघ वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुली निवडून होतो, त्यामुळे कच्च्या संघातली चांगली खेळाडूही वर जाऊ शकते. अमेरिकेतल्या मुलीचं कॉलेज स्पर्धेतून बाहेर पडलं की तिचा मोसम संपतो. इथं कॉलेज पहिल्या फेरीत गारद झालं तरी निवडसमितीनं तिला पाहिलेलं असतं. पण त्यासाठी कॉलेजनं संघ उतरवायला तर हवा. खो-खोत नऊ जणी मैदानात लागतात, कबड्डीत सात, शिवाय राखीव. एवढ्या मुली ज्या कॉलेजात जमत नाहीत तिथं तुमची राज्यपातळीची खेळाडू प्रेक्षक होऊन बसते. धावणारीला, भाला फेकणारीला ही अडचण नाही. तिचा प्रवेश अर्ज एकटीचाही जातो. म्हणून सांघिक खेळाच्या मुलीनं जिमखान्याच्या सरांना पहिल्यांदा हे विचारावं: गेल्या दोन वर्षांत मुलींचा संघ झोनलला गेला होता का? ‘या वर्षी काढणार आहोत’ हे उत्तर नाही समजायचं.

जिमखान्याचे सर, म्हणजे कागदावरचे शारीरिक शिक्षण संचालक, हा या सगळ्यातला कळीचा माणूस. तो प्रशिक्षक असेलच असं नाही, बहुतेकदा नसतोच. त्याचं काम वेगळं आहे. पात्रतेचे अर्ज वेळेत भरणं, प्राचार्यांची सही घेणं, स्पर्धेहून आलेल्या मुलीची हजेरी लावून घेणं, चुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्यायला एखाद्या विभागप्रमुखाला राजी करणं. सत्र मंजूर व्हायला ७५ टक्के हजेरी लागते आणि ऑल इंडियाचे दिवस बऱ्याचदा नेमके सत्रपरीक्षेच्या आगेमागे येतात. झोनल, इंटरझोनल, मग शिबिर, मग स्पर्धा, त्यात भुवनेश्वर किंवा पंजाबचा रेल्वेप्रवास. महिना सहज जातो. त्या महिन्यात कॉलेजमध्ये तुमच्या बाजूनं भांडणारा माणूस आहे की नाही, यावर एटीकेटी लागणार की नाही हे ठरतं. नावाजलेल्या कॉलेजातला उदासीन सर आणि साध्या कॉलेजातला खटपट्या सर यांत दुसराच निवडावा.

शाखेचंही तसंच. विज्ञानाला प्रात्यक्षिकं असतात, जर्नल असतं, दुपार प्रयोगशाळेत जाते. ती दुपार खेळाडूला झोपायला हवी असते. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास घाम गाळणाऱ्या मुलीला दुपारची झोप चैन म्हणून लागत नाही, तिच्या सरावाचाच तो भाग असतो. म्हणून कितीतरी खेळाडू मुली कला शाखेकडे वळतात आणि मग घरचे म्हणतात, हुशार होती पण खेळानं वाया गेली. विज्ञान घेऊन खेळता येत नाही असं मात्र नाही. प्रयोगशाळेचं वेळापत्रक आधी हातात घ्यावं आणि सरावाच्या वेळेशेजारी ठेवून पाहावं. दोन्ही एकमेकांवर चढत असतील तर कोण माघार घेणार हे जुलैतच ठरवलेलं बरं, डिसेंबरात भांडण नको.

वसतिगृहाबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या मुलींचं सगळं गणित तिथं अडतं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री किती वाजता बंद होतं हे पालक न चुकता विचारतात. पहाटे किती वाजता उघडतं, हे कोणी विचारत नाही. फाटक सहाला उघडत असेल आणि सराव साडेपाचला सुरू होत असेल तर मुलीचा सराव रोज अर्धा तास उशिरा सुरू होईल. म्हणजे सगळ्यांबरोबरचं वॉर्मअप बुडालं, मुख्य सराव घाईत, आणि दुखापत ठरलेली. वॉचमनला कोण सांगणार, लेखी परवानगी कोण देणार, अंधारात मैदानापर्यंत सोबत कोण असणार, हे प्रवेशाच्या आधी ठरवून घ्यावं. मेसचंही तेच. बाकीच्या मुली साडेआठला नाश्ता करतात. धावून आलेली पावणेनऊला पोचते आणि तिच्या वाट्याला गार पोहे उरतात. लांब पल्ल्याच्या धावपटूला हे परवडत नाही. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं नाशकात आहेत, विभागाचं आयुक्तालयच इथं आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्याजेवण्याचे पैसे मुलीच्या खात्यावर येतात. तीनचार मुलींनी मिळून मैदानाजवळ खोली घेतली तर हा दुसरा मार्ग खेळाडूसाठी पहिल्यापेक्षा सोयीचा पडू शकतो. अर्थात स्वयंपाक, भांडी, पाणी मग त्यांच्याच अंगावर.

एक अवघड विषय राहिला. संजीवनी जाधवच्या नमुन्यात २०१८च्या अखेरीस प्रोबेनेसिड हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं, तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि २०१९च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतलं पदक गेलं. बंदी संपल्यावर ती पुन्हा ट्रॅकवर उतरली. या प्रकरणाचा निवाडा इथं करायचा नाही. पण कॉलेजवयीन मुलीच्या पालकांनी त्यातून एवढं घ्यावं, की मुलगी घराबाहेर राहायला लागली की तिच्या पोटात जाणाऱ्या गोळीचा हिशेब ठेवणारं कोणी उरत नाही. सर्दीचं औषध, ताकदीची पावडर, मैत्रिणीनं दिलेलं इंजेक्शन, यांपैकी कशातही बंदी असलेलं द्रव्य असू शकतं, आणि नियम असा की अंगात सापडलं तर जबाबदार खेळाडूच. ‘मला माहीत नव्हतं’ याला फारशी किंमत नाही. मैदानावर डॉक्टर येतो का, कोण येतो, आणि औषध लिहून देताना मुलगी खेळाडू आहे हे त्याला कोण सांगतं, हेही विचारायच्या प्रश्नांत धरावं.

प्रमाणपत्रांकडे येऊ. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालक कार्यालयात होते. तिथं नुसतं ‘प्रथम क्रमांक’ पाहत नाहीत. स्पर्धा कोणी घेतली, ती मान्यताप्राप्त होती का, अंतिम निकालाच्या यादीत नाव आहे का, सही आणि शिक्का कोणाचा, हे सगळं तपासतात. शालेय स्पर्धा वेगळी, संघटनेची वेगळी, आंतरविद्यापीठ वेगळी. नावाच्या स्पेलिंगमध्ये दहावीच्या गुणपत्रिकेशी एका अक्षराचा फरक असला तरी हेलपाटे सुरू होतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक स्पर्धेचा निकाल, संघाची यादी आणि प्रमाणपत्र एका ठिकाणी ठेवायची सवय लावावी. लॅमिनेशन मात्र करू नये. त्यावर पुन्हा शिक्का मारता येत नाही आणि फाडून काढताना शाई निघते.

शेवटचा हिशेब वयाचा. आंतरविद्यापीठ स्पर्धेला एक जुलैला वय पंचविसाच्या आत असावं लागतं आणि पूर्णवेळ नोकरी करणारीला तिथं खेळता येत नाही. अठराव्या वर्षी पदवीला आलेल्या मुलीच्या हातात पदवीचे तीन मोसम, पदव्युत्तरचे दोन, आणि पुढे बीपीएड केलं तर आणखी दोन, असे सात मोसम येतात. लांब पल्ल्याच्या धावपटूची वेळ बहुधा तिसऱ्या-चौथ्या मोसमापासून खाली यायला लागते. म्हणजे जेव्हा ती खरी फळाला येते तेव्हाच पदवी संपते आणि पोलीस भरतीची जाहिरात निघते. घरी धाकटी भावंडं असतात, कांद्याला भाव नसतो, आणि भरतीच्या धावण्यात ती सगळ्यांच्या पुढे असणार हे गावाला ठाऊक असतं. अशा वेळी नोकरी घेणाऱ्या मुलीला कोणी नावं ठेवू नयेत. पोलीस आणि रेल्वे या दोन्ही खात्यांचे स्वतःचे संघ आहेत, स्वतःच्या स्पर्धा आहेत, आणि नियमित पगारावर बूटही चांगले घेता येतात.